काचपात्रातील मत्स्य आणि गृहस्थाचा धर्म

तीर्थाच्या घाटावर उभा राहून कणकेच्या गोळ्या माशांना घालणारा गृहस्थ आणि दिवाणखान्यात काचेच्या पेटीत मासे ठेवून त्यांना दोन वेळा अन्न घालणारा गृहस्थ, या दोघांच्याही अंतःकरणात भूतदया आहे असे आपण सामान्यतः समजतो. दोघेही देतात, मारीत कोणीच नाही. मग शासनाने दुसऱ्याला अपराधी का ठरवावे? ज्या जाती नदीतून आणि समुद्रातून नाहीशा होत चालल्या आहेत त्या घरी बाळगू नयेत, त्यांची पैदास करू नये, अशा प्रकारचे निर्बंध गेल्या काही वर्षांत आपल्या देशात आले आणि पुष्कळ सज्जनांच्या मनात हा प्रश्न उभा राहिला. वीतभर माशासाठी धर्माधर्माचा एवढा विचार कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु ‘माझे’ या शब्दाची मर्यादा कोठे संपते, हा जो गृहस्थाश्रमातील नित्याचा प्रश्न, तोच येथे एका काचेच्या पेटीत येऊन बसला आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. केरळातील आणि दक्षिण कर्नाटकातील डोंगरी ओढ्यांत, जेथे पाणी स्वच्छ, थंड आणि वेगवान असते तेथे, एक मासा आढळतो. मल्याळी लोक त्याला चोरक्कण्णी, म्हणजे रक्तासारख्या डोळ्यांचा, म्हणतात. चंदेरी अंगावर मुखापासून डोळ्यावरून मागे जाणारी लाल रेघ आणि तिच्याखाली काळा पट्टा, असे त्याचे रूप आहे. फ्रान्सिस डे या मत्स्यशास्त्रज्ञाने १८६५ साली त्याचे वर्णन केले. २०१३ साली शास्त्रज्ञांनी त्याला एका नव्या वंशात घातले, त्या वंशाचे नाव ‘सह्याद्रिया’; तेव्हा आम्हा महाराष्ट्रीयांना तो अगदीच परका नाही. व्यापारी त्याला ‘मिस केरला’ किंवा ‘डेनिसन बार्ब’ म्हणतात. रूप हेच त्याचे वैर झाले. २००५ ते २०१२ या काळात संकटग्रस्त अशा ३० जातींचे १५ लाखांहून अधिक गोड्या पाण्यातील मासे शोभेसाठी भारतातून परदेशी गेले, असे संशोधकांनी दाखविले आहे, आणि त्यांपैकी ३ लाखांहून अधिक हा मासा व त्याच्या भावकीतील एक जात यांचे होते. हे सर्व ओढ्यातून उपसलेले जीव. ज्याने विकत घेतले त्याने जाळे पाहिले नाही, ओढा पाहिला नाही. त्याने फक्त लाल रेघ पाहिली.

केरळ शासनाने २००८ मध्ये ही पकड आवरण्याचा प्रयत्न केला. कोणत्या महिन्यांत मासे धरू नयेत, किती लांबीचे धरू नयेत, हे ठरविले. परंतु पुढील अभ्यासात असे दिसून आले की बंदीचे महिने आणि माशाचे अंडी घालण्याचे महिने यांचा मेळच नव्हता. सद्हेतूला ज्ञानाची जोड नसली म्हणजे काय होते, याचे हे बोलके उदाहरण आहे. त्यानंतर २०२२ च्या दुरुस्तीने हा मासा वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आला. ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. ज्या अनुसूचीत वाघ आहे तीत हा चार-सहा बोटांचा मासा जाऊन बसला, आणि वाघाच्या बाबतीत जी शिक्षा तीच त्याच्याही बाबतीत लागू झाली.

येथे अडचण उभी राहते ती अशी. दरम्यानच्या वर्षांत या माशाची पैदास हौदात करण्याची विद्या माणसाने हस्तगत केली होती. आग्नेय आशियातील संवर्धनगृहांत तो व्यापारी प्रमाणावर निपजू लागला होता. ज्याच्या पेटीत असे निपजलेले मासे होते तो गृहस्थ म्हणू लागला, “माझ्या माशांनी नदी पाहिलेली नाही, त्यांच्या आईबापांनीही पाहिलेली नाही. मी नदीतून काय हिरावले? उलट मी जात वाढवितो आहे. मला वाघ मारणाऱ्याच्या पंक्तीस का बसविता?”

या म्हणण्यात तथ्य नाही असे कोणीही प्रामाणिक मनुष्य म्हणणार नाही. पण पेटीपुढे उभ्या असलेल्या अधिकाऱ्याचा विचार करा. हौदात जन्मलेला मासा आणि ओढ्यातून धरलेला मासा, दोघांच्याही अंगावर तीच लाल रेघ. एकाला मोकळीक दिली की दुसरा त्याचेच नाव सांगून बाजारात येतो. ज्या मालाची चोरी आणि कमाई बाहेरून सारखीच दिसते, त्या मालाबाबत कायदा सरसकट होतो. प्रामाणिक माणसाला अप्रामाणिक माणसाच्या पापाचा भार वाहावा लागतो; हा अन्याय आहे काय? काही अंशी आहे. तथापि गृहस्थाच्या नित्य आचारात असे संयम आहेतच. मला मद्य चढत नाही म्हणून मी मुलांसमोर प्यावे, असे कोणी कुलीन गृहस्थ म्हणत नाही. आपल्याला दोष न लावणारे कर्मही दुसऱ्याला वाट दाखविते म्हणून टाळावे, हा लोकसंग्रहाचा विचार आपल्या परिचयाचा आहे. माझी पेटी पाहून शेजाऱ्याला मासा हवासा वाटेल आणि त्याचा मासा कोठून येईल ते मला ठाऊक नसेल, तर त्या जाळ्याची एक दोरी माझ्याही हाती आहे.

संयमाचे ओझे मात्र एकट्या गृहस्थाने वाहावे, असा धर्म नाही. शासनालाही धर्म आहे, आणि तो विवेकाचा आहे. विवेक करणे शक्य असते याचा दाखला आशियाई अरोवाना माशाने दिला आहे. सोनेरी खवल्यांचा हा आग्नेय आशियातील मोठा मासा भाग्य आणतो, या समजुतीने धनिक लोक त्यासाठी वाटेल ती किंमत मोजतात. (मासा भाग्य आणतो की माशाचे भाग्य फिरते, हे निराळे. आपल्याकडे दुकानांतून आणि बंगल्यांतून याच हेतूने जी अरोवाना ठेवतात ती बहुधा दक्षिण अमेरिकेतील रुपेरी जात असते. भाग्याला हा भेद कळत नसावा.) १९७३ साली वॉशिंग्टन येथे झालेल्या ‘साइट्स’ करारान्वये आशियाई अरोवानाचा व्यापार जवळजवळ सर्वस्वी निषिद्ध झाला, मात्र नोंदलेल्या संवर्धनगृहात बंदिवासातच दुसऱ्या पिढीपर्यंत निपजलेल्या माशांना वाट ठेवली गेली. अशा प्रत्येक माशाच्या अंगात तांदळाच्या दाण्याएवढी खुणेची चकती बसवितात आणि तिच्या अंकाचे प्रमाणपत्र देतात. अमेरिकेने मात्र ही वाटही मानली नाही. तेथे तो बाळगणेच बेकायदेशीर आहे. भारतात २८ फेब्रुवारी २०२४ रोजी निघालेल्या नियमांनुसार या करारातील जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने त्यांची शासनाकडे नोंद करावयाची, त्यांचे जन्म आणि मृत्यू कळवावयाचे, अशी व्यवस्था झाली. ज्याच्या घरातील माशाचा जन्ममृत्यू सरकारदरबारी लिहिला जातो त्याला ‘मासा माझा’ असे म्हणताना थोडे अडखळावेसे वाटले, तर त्या नियमाने मोठेच कार्य केले असे मी म्हणेन.

चोरक्कण्णीच्या अंगात चकती बसविण्याइतकी जागा नाही हे खरे. पण पैदास करणाऱ्याची नोंद, हौदाची तपासणी, जननी-जनकांचा हिशेब, एवढे होऊ शकते. ते न करता केवळ ‘नको’ म्हणणे सोपे पडते, आणि त्यात आणखी एक धोका आहे. २०१७ साली केंद्र शासनाने मत्स्यपेट्यांच्या दुकानांसाठी नियम काढले. विष घालून किंवा स्फोट करून धरलेले मासे विकू नयेत ही त्यांतील योग्यच गोष्ट होती. परंतु १५८ जातींची एक लांबलचक यादीही त्यांना जोडलेली होती, पुष्कळ गदारोळ झाला आणि पुढे ते नियम मागे घेण्यात आले. यादी गेली तिच्याबरोबर विषाचा निषेधही गेला. न पेलणारा निषेध पेलण्याजोग्या निषेधालाही घेऊन बुडतो.

आता दुसऱ्या पक्षाचे म्हणणे ऐकू. तो म्हणतो, मासा धोक्यातला असो वा नसो, जिवंत प्राण्याला शोभेसाठी काचेत कोंडणे हीच हिंसा आहे. सर्वच पेट्या फोडाव्यात. या पक्षाची कळकळ मला मान्य आहे. मुलांच्या हट्टासाठी काचेच्या गोल भांड्यात एकच मासा आणून ठेवावा, त्याने त्याच पाण्यात घिरट्या घालीत चार दिवसांनी मरावे आणि पाचव्या दिवशी दुसरा यावा, हे दृश्य ज्या घरात पूजा होते त्या घराला शोभत नाही. येथे कायद्याची वाट पाहण्याचे कारणच नाही. परंतु पात्रात ठेवणे म्हणजे सदैव हिंसाच, असे आपली परंपरा म्हणत नाही. शतपथ ब्राह्मणातील मनूची कथा सर्वांना ठाऊक आहे. हात धुताना ओंजळीत आलेल्या इवल्याशा मत्स्याने अभय मागितले, कारण मोठे मासे लहानांना गिळतात. मनूने त्याला घटात ठेवले, घट पुरेना तेव्हा मोठ्या जागी, आणि शेवटी समुद्रात. महाभारतातील वनपर्वात हीच कथा येते तेव्हा वाटेत गंगाही येते. प्रलयात त्याच मत्स्याने नौका ओढली हे आपण आवर्जून सांगतो. घटाचा भाग घाईने सांगतो. मनूचा घट शोभेचा नव्हता. मत्स्याने मागितला म्हणून तो होता, आणि मत्स्य वाढताच मनूने तो सोडविला. ‘इतके दिवस मी पोसले, आता हा माझा’ असे तो म्हणाला नाही.

म्हणून पेटी एकच असली तरी तिच्यात दोन निरनिराळी कर्मे घडू शकतात. एकात मासा ही मालमत्ता आहे, दुसऱ्यात ती ठेव आहे. धनाच्या बाबतीत गांधीजींनी विश्वस्तवृत्तीचा जो विचार मांडला तो जिवांच्या बाबतीत अधिकच लागू पडतो, कारण जिवाला स्वतःचे घर असते. ठेव ठेवणारी नदी आहे. ती परत मागेल तेव्हा देण्याची ज्याची तयारी नाही, त्याने जात वाचविण्याची भाषा करू नये.

देणे म्हणजे मात्र उठून जवळच्या ओढ्यात ओतणे नव्हे. कायद्याचे भय वाटून किंवा पुण्याच्या आशेने पेटीतील मासे नदीत सोडणारे लोक आहेत, आणि त्यांच्या हातून भले होण्याऐवजी अनर्थ होतो. पेटीतील रोग नदीत जातात, परक्या जाती देशी माशांच्या तोंडचा घास घेतात. शोभेसाठी आणलेला दक्षिण अमेरिकेतील सकर मासा आपल्या उजनीच्या जलाशयात पसरला तो कोणी बुद्ध्या पेरला म्हणून नव्हे. निषिद्ध मासा ज्याच्या घरी आहे त्याने तो लपवू नये, नदीत टाकू नये, मारूही नये. वनखात्याला कळवावे आणि ते सांगतील त्या हाती द्यावा. हे करताना भीती वाटते, आणि ती रास्त आहे. म्हणूनच निषेध जाहीर करतानाच शासनाने स्वतः होऊन कळविणाऱ्याला अभय आणि मुदत दिली पाहिजे, अन्यथा कायदा स्वतःच मासे गटारात ओतावयास शिकवितो.

आणि पेटी रिकामी झाली म्हणजे गृहस्थ सुटला काय? चोरक्कण्णीचे ओढे केवळ जाळ्यांनी ओस पडत नाहीत. वाळूचा उपसा, मळ्यांवरील कीटकनाशके, धरणे, काठावरील तोडलेली झाडे यांचा वाटा त्यात आहे. दुकानदारावर छापा घालणे सोपे. वाळूच्या मालमोटारीसमोर उभे राहणे कठीण. ज्या घराच्या भिंतींत नदीची वाळू आहे आणि ज्याच्या चहाच्या पेल्यात डोंगरावरचा मळा आहे, त्या घराचा नदीशी हिशेब एका पेटीने पुरा होत नाही.

ठेवही नाही आणि मालमत्ताही नाही, असा एक तिसरा मार्ग आपल्याकडे पूर्वीपासून आहे. शृंगेरीस तुंगेच्या घाटावर मठाच्या पायऱ्यांशी मोठमोठे मासे निर्भय फिरतात. महाडजवळ वाळण कोंडीत काळ नदीच्या डोहातील महासीर मासे गावकऱ्यांनी देवीचे म्हणून राखले आहेत. तेथे कोणी मासा बाळगीत नाही, तरी सर्व मिळून त्यांना राखतात. जातींच्या यादीऐवजी तेथे पाणीच राखलेले आहे, त्यामुळे ज्यांचे नाव कोणी ऐकलेले नाही असे जीवही त्या डोहात वाचतात. असे डोह मोजके, आणि वरच्या अंगाला कोणी विष कालवले तर देवीची आण त्याला अडवीत नाही. तरीही ज्या शासनाला माशाची काळजी आहे त्याने अशा गावकऱ्यांना विचारावयास हवे.

दूरची एक गोष्ट सांगतो. मेक्सिको देशात तेउचित्लान नावाची नदी आहे. तिच्या उगमाशी बोटभर लांबीचा एक मासा राहत असे. २००३ पर्यंत तो तेथून नाहीसा झाला. पण त्याआधी १९९८ मध्ये इव्हान डिबल या इंग्लिश मत्स्यपालकाने त्या माशाच्या पाच जोड्या मेक्सिकोतील विद्यापीठात नेऊन दिल्या होत्या. हौशी लोकांच्या पेट्यांतून जपल्या गेलेल्या वंशातील ते मासे होते. विद्यापीठाने आणि इंग्लंडच्या चेस्टर प्राणिसंग्रहालयाने मिळून ते वाढविले. प्रथम त्यांना तळ्यात ठेवून परजीवी जंतूंशी आणि भक्षकांशी ओळख करून दिली, नदी सुधारली, गावातील मुलांना ती राखावयास शिकविले. आणि २०१७ मध्ये सुमारे १५०० मासे त्याच नदीत सोडले. ते तेथे वाढू लागले.