कोणत्या अधिकाराने?

२० जानेवारी १६४९ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याला आरोपी म्हणून आणलं गेलं. आरोप होता आपल्याच प्रजेविरुद्ध युद्ध केल्याचा. त्याने तो कबूल केला नाही, नाकारलाही नाही. तो एवढंच विचारत राहिला: मला इथे कोणत्या कायदेशीर अधिकाराने आणलंय?

हा प्रश्न विचारायला चार्ल्सइतका अपात्र माणूस शोधून सापडला नसता. ११ वर्षं त्याने संसदच बोलावली नव्हती, तिच्या संमतीविना कर उकळले होते, स्कॉटलंडवर प्रार्थनापुस्तक लादलं होतं. जानेवारी १६४२मध्ये तर पाच खासदारांना पकडायला तो सशस्त्र माणसं घेऊन स्वतः कॉमन्स सभागृहात गेला होता. यादवीत हरल्यावरही एकीकडे तडजोडीची बोलणी चालू ठेवून त्याने स्कॉटिश सरदारांशी गुप्त करार केला आणि १६४८मध्ये पुन्हा युद्ध पेटलं.

पण विचारणारा खोटा म्हणून प्रश्न खोटा ठरतो का?

५ डिसेंबर १६४८ला कॉमन्सने १२९ विरुद्ध ८३ मतांनी राजाशी वाटाघाटी पुढे न्यायचं ठरवलं. लष्कराला हे मान्य नव्हतं. दुसऱ्याच दिवशी कर्नल प्राइड सैनिक घेऊन सभागृहाच्या दारात उभा राहिला. नको असलेल्या खासदारांना अडवलं, सुमारे ४५ जणांना कैद केलं. उरलेल्यांनी खटल्याचा ठराव केला. लॉर्ड्सनी तो फेटाळला, तेव्हा ४ जानेवारीला त्यांनी जाहीर केलं की सर्व न्याय्य सत्तेचा उगम जनतेत आहे. विचार थोर होता; फक्त जनतेने निवडलेले बरेच जण तो ऐकायला सभागृहात नव्हते.

न्यायाधीश म्हणून नेमलेल्यांत अल्जर्नन सिडनी होता. राजाविरुद्ध लढलेला, पक्का प्रजासत्ताकवादी. त्याने या कामात सहभागी व्हायला नकार दिला. त्याच्या मते या न्यायालयात राजावरच काय, कोणावरच खटला चालू शकत नव्हता.

क्रॉमवेलच्या बाजूचा युक्तिवादही हलका नाही. नियम पाळत बसायचं आणि शब्द न पाळणाऱ्या राजाला पुन्हा गादीवर बसवायचं? मग तिसऱ्या युद्धात मरणाऱ्यांना काय सांगायचं? याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. राजाही जबाबदार असतो, हे त्या खटल्याने भर दरबारात दाखवलं, हेही खरं.

पण त्याची किंमत पुढे चुकवावी लागली. ३० जानेवारीला राजाचा शिरच्छेद झाला. एप्रिल १६५३मध्ये क्रॉमवेलने उरलेली संसदही सैनिक आणून रिकामी केली. त्या खासदारांनी तक्रार तरी कशी करायची? सैनिकांनी आधी दार अडवलं, तेव्हा ते आत बसून राहिले होते. १६६०मध्ये राजेशाही परत आली. १६८९च्या हक्कांच्या कायद्यात मात्र, संसदेच्या संमतीविना कर नाही या कलमाबरोबरच, शांततेच्या काळात तिच्या संमतीविना फौज बाळगायची नाही, हेही लिहिलं गेलं.

‘कोणत्या अधिकाराने?’ हे विरोधकाला विचारणं सोपं असतं. सिडनीने ते आपल्याच बाजूला, ती जिंकत असताना विचारलं. आपल्याला नको असलेल्या माणसाला बाहेर काढण्यासाठी कोणीतरी नियम वाकवतं आणि आपल्याला बरं वाटतं, तेव्हा तोच प्रश्न आपल्यासमोर असतो.