पुण्य की सुटका?



नातवाच्या हट्टापायी आमच्या सिल्वासाच्या घरी माशांची दोन फुटी टाकी आली. वापीहून आठ मासे आणले. त्यात काळ्या पट्ट्यांची एक जोडी होती. त्यांना कॉन्व्हिक्ट म्हणतात, म्हणजे कैदी. हे सिक्लिड कुळातले, मूळचे मध्य अमेरिकेतले. आपल्या बाजारातली चिलापी याच कुळातली.

महिनाभर सगळं ठीक होतं. मग त्या जोडीने कोपऱ्यातली मातीची कुंडी धरली आणि जवळ येईल त्याला चावायला लागली. दोन मासे मेले. घरात एकमत झालं, ही दुष्ट जोडी दमणगंगेत सोडायची. मुक्या जिवांना मोकळं केल्याचं पुण्यही पदरात पडेल! रविवारी सत्संगाला जाताना बादली घेऊन निघायचं ठरलं.

तेवढ्यात सून म्हणाली, "आई, नदीत राहणाऱ्या माशांनी काय पाप केलंय?"

आम्ही गप्प झालो. बाहेरचा मासा नदीत रुजला तर तिथल्या माशांची जागा आणि खाणं बळकावतो. आफ्रिकेतली चिलापी १९५२ साली आपल्या देशात आणली, आज ती कितीतरी तळ्या-धरणांत पसरली आहे. म्हणजे आम्ही दान करत नव्हतो. आपल्या घरातलं भांडण दुसऱ्याच्या दारात टाकून वर पुण्य मागत होतो.

मग कुंडीत डोकावून पाहिलं, तर आत अंडी! मादी पंखांनी त्यांना पाण्याचा वारा घालत होती, नर पहारा देत होता. पुष्कळ मासे अंडी घालून निघून जातात. हे आई-बाप पिल्लं पोहू लागली तरी राखण करतात. ज्याला आम्ही दुष्टपणा म्हणत होतो, ती माया होती.

पण मग दोन जीव गेले ते कोणाच्या खात्यावर? नदीत हरलेला मासा दूर पळून वाचतो. काचेत पळणार कुठे? भिंती आम्ही घातल्या, गर्दी आम्ही केली. दोष आमचाच.

आता त्या जोडीला वेगळी टाकी दिली आहे. जुन्या टाकीतले दगड हलवून नवे आडोसे केले. जाणकार सांगतात, मांडणी बदलली की जुन्या हद्दी पुसल्या जातात आणि भांडणं कमी होतात. तसंच झालं.

त्या दिवशी आम्हाला आमचा ओटा आठवला. सून येऊन दीड वर्ष झालं, पण डबे अजून आमच्याच जागेवर. तिने मसाल्याचा डबा हलवला की आमचा आवाज चढायचा. तेही मायेपोटीच, असं आम्ही मनाला सांगायचो. पण हरलेल्याला पळायला जागा नसेल, तर मायासुद्धा चावते. माशाला "माझं" सोडता येत नाही. माणसाला येतं, म्हणून हिशोब माणसाकडेच मागितला जाणार.

गेल्या आठवड्यात दोघींनी मिळून सगळे डबे खाली काढले आणि नव्याने लावले. मिठाचा डबा अजून आम्हाला सापडत नाही, विचारावा लागतो. विचारायची सवय लागते आहे.

तुमच्या घरात कोणाला भांडकुदळ म्हणत असाल, तर त्याला बाहेर काढण्याआधी एकदा टाकीचं माप घेऊन पाहा.

जय गुरुदेव 🙏