परतून येणाऱ्याचा गुन्हा आणि न्यायाचे माप



हद्दपार केलेला माणूस त्याच देशात चोरून परत आला, तर त्याला किती शिक्षा द्यावी? हा वाद अमेरिकेतला असला, तरी कोकणातल्या ज्या घरांतली माणसे आखातात नोकरीला आहेत, त्यांना पाठवणी आणि प्रवेशबंदी हे शब्द परके नाहीत.

अमेरिकेत १९२९ च्या कायद्याने असा पुनःप्रवेश हा फौजदारी गुन्हा ठरवला. आज त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. आधीचा गंभीर गुन्हा सिद्ध झालेला असेल तर दहा आणि अतिगंभीर असेल तर वीस वर्षांपर्यंत. १ जुलै २०१५ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एक तरुणी गोळी लागून मृत्यू पावली. आरोपी पाच वेळा हद्दपार झालेला होता. तिच्या नावाने मांडलेले, शिक्षा वाढवणारे विधेयक जून २०१७ मध्ये प्रतिनिधीगृहाने मंजूर केले. सिनेटने मात्र केले नाही. त्याच वर्षी ज्यूरीने आरोपीला खुनाच्या आरोपातून मुक्त केले.

त्या आईबापांचे दुःख आपण हलके लेखू नये. एका निरपराध जिवाची हत्या ही साऱ्या मानवजातीची हत्या होय, ही दिव्य कुरआनची शिकवण आहे. शिवाय प्रवेशाचा परवाना हा एक करार आहे आणि करार पाळणे हे ईमानधारकाचे कर्तव्य आहे. म्हणून ‘परत आला तर काय बिघडले?’ असे आपल्याला म्हणता येत नाही.

परंतु कोणीही दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, हेही कुरआननेच शिकवले आहे. एकाच्या हातून रक्त सांडले, म्हणून लेकरांकडे परतणाऱ्या बापाची कैद वाढवणे हा न्याय कसा ठरेल? दोघांनी ओलांडलेली सीमा एकच आहे. त्यांचे कृत्य एक नाही.

आपल्या फिक्हमध्ये ‘हद’ म्हणजे निश्चित शिक्षा आणि ‘ताजीर’ म्हणजे काजीच्या विवेकावर सोपवलेली शिक्षा. पुनःप्रवेशासारखा गुन्हा ताजीरच्या कक्षेत येतो. तेथे काजीने कृत्य, कारण आणि परिस्थिती पाहावयाची असते. २०१५ साली सिनेटमध्ये आलेल्या एका विधेयकात काही आरोपींसाठी किमान पाच वर्षांची सक्तीची कैद सुचवली होती. अशी सक्ती काजीचे डोळेच बांधते.

हजरत उमर (रजि.) यांनी दुष्काळाच्या वर्षी चोरीची हद लागू केली नाही, हे आपण ऐकतो. त्यांनी चोरीला हलाल ठरवले नाही, कायदाही रद्द केला नाही. भुकेने हात पुढे केला की लोभाने, एवढे पाहिले.

कोणी म्हणेल, दया दाखवली तर कायद्याचा धाक उरणार नाही. हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच ज्याने पूर्वी लोकांना इजा केली आणि जो पुन्हा त्याच हेतूने आला, त्याची शिक्षा कठोर असावी. पण जिचे तान्हे मूल सीमेपलीकडे राहिले आहे, ती आई कैदेची वर्षे मोजून पाऊल मागे घेत नाही. तिच्यासाठी वाढवलेली वर्षे धाक निर्माण करीत नाहीत, केवळ वेदना वाढवतात.

वाचकहो, आता आपल्याच मनाला विचारा. पाठवणी झालेला आपला भाऊ असेल तर आपण त्याची मजबुरी सांगतो. आपल्या वस्तीत आलेला परका असेल तर त्याच्यासाठी कायदा मागतो. स्वतःविरुद्ध आणि आप्तांविरुद्धही न्यायाची साक्ष देण्याचा आदेश आपल्याला आहे, आणि कोणाच्या द्वेषापायी न्याय सोडू नये हाही आहे. आखिरतमध्ये आपली मापेही तोलली जातील. अल्लाह आपल्या सर्वांना एकच माप वापरण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.