उशी कुणाला विचारून दिली? : भीष्म, नचिकेत आणि आपलं घर



आजच्या वाचनात भीष्मपर्वाचा शेवट आला. दहाव्या दिवशी पितामह रथातून पडले. अंगात इतके बाण रुतलेले, की शरीर जमिनीला टेकलंच नाही. शरशय्येचं हे चित्र आपण लहानपणापासून कॅलेंडरवर पाहत आलोय. पण त्याच प्रसंगातल्या तीन छोट्या गोष्टींकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. आज त्यांवरच बोलूया.

पहिली गोष्ट उशीची. पितामहांचं डोकं मागे लोंबत होतं. त्यांनी आधार मागितला, तशी राजेमंडळी धावली आणि मऊमऊ, उंची उशा घेऊन आली. पितामह म्हणाले, या नकोत. त्यांनी अर्जुनाकडे पाहिलं. अर्जुनाने डोळ्यांत पाणी आणून विचारलं, काय करू? आणि मग तीन बाण मारून त्या डोक्याला आधार दिला. पितामहांना हवी होती ती उशी हीच.

दुसरी गोष्ट वैद्यांची. बाण काढण्यात निष्णात असलेले शल्यवैद्य दुर्योधनाने बोलावले. पितामहांनी सांगितलं, यांचा मान राखा, यांना धन द्या आणि परत पाठवा. आता मला यांची गरज नाही.

तिसरी पाण्याची. त्यांना तहान लागली. लोकांनी पक्वान्नं आणली, गार पाण्याचे घडे आणले. तेही नको. अर्जुनाने बाणाने भूमी भेदली आणि धार थेट त्यांच्यापाशी वर आली.

वाचताना मी थबकले ती यासाठी, की तिथे प्रेम कमी कुणाचंच नव्हतं. उशा आणणाऱ्यांचं होतं, घडे आणणाऱ्यांचंही होतं. पण त्यांनी आपल्या मनाने ठरवलं आणि अर्जुनाने विचारलं. फरक एवढाच.

आता आपल्या घरात येऊया. आपल्याकडे शेवटचं आजारपण आलं की सगळे धावतात. एक जण मोठ्या हॉस्पिटलचं नाव काढतो, दुसरा कुणा वैद्याचा नंबर देतो, तिसरा म्हणतो व्हेंटिलेटर लावा, पैशाचं बघू. सगळ्यांचं प्रेम खरं असतं. पण पलंगावर जे माणूस आहे त्याला काय हवंय, हे विचारलेलं नसतं. आणि विचारायचं ठरवतो तोवर ते बोलण्याच्या पलीकडे गेलेलं असतं.

मग आपण कधी विचारतो? दहाव्या दिवशी. घाटावर पिंड ठेवतो आणि कावळ्याची वाट बघतो. कावळा शिवत नाही. मग हात जोडून एकेक जण पुढे येतो. "पोरीच्या लग्नाची काळजी करू नका हो." "घर विकणार नाही." "आईला मी सांभाळीन." कशात जीव अडकला होता, याचा अंदाज बांधत आपण उन्हात उभे असतो. मी या विधीची थट्टा करत नाहीये, मला त्यात फार मोठी माया दिसते. गेलेल्याची इच्छा राहू नये ही आपल्या परंपरेची तळमळ आहे. पण मग तोच प्रश्न माणूस समोर बसून चहा पीत असताना का विचारू नये? कावळ्याला विचारण्यापेक्षा बाबांना विचारणं सोपं नाही का?

सोपं नाही, हे मलाही माहीत आहे. विषय काढला की आई म्हणणार, "अशुभ बोलू नकोस, वास्तू तथास्तु म्हणते." यावर एक साधं उत्तर आहे. विम्याच्या कागदावर, बँकेच्या खात्यावर आपण वारसाचं नाव लिहितोच. तेव्हा वास्तू काही म्हणत नाही. पैशाचं नीट ठेवतो, मग देहाचं वाऱ्यावर का सोडायचं?

आणि आता कायद्याचाही आधार आहे. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि 'लिव्हिंग विल'ला, म्हणजे आपल्या शेवटच्या उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवलेल्या इच्छेला, मान्यता दिली. सुरुवातीची प्रक्रिया फार किचकट होती. २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयाने ती सोपी केली. आता सज्ञान आणि शुद्धीत असलेली कुणीही व्यक्ती हे लिहू शकते. दोन साक्षीदार लागतात, आणि सही नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करायची. आपल्या वतीने कुणी निर्णय सांगायचा त्यांची नावं त्यात लिहायची. एक प्रत घरच्यांकडे, एक नेहमीच्या डॉक्टरांकडे आणि एक महापालिकेने किंवा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. मन बदललं तर कधीही रद्द करता येतं.

"पण ही आत्महत्या नाही का?" असा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांना पडेल. नाही. यात मृत्यू यावा म्हणून कुणी इंजेक्शन देत नाही, ते आपल्या कायद्यात बसतच नाही. बरं होण्याची आशा उरली नाही आणि आपल्याला स्वतः निर्णय सांगता येत नाही, तेव्हाच त्या कागदाचा विचार होतो. तोही डॉक्टरांच्या दोन मंडळांनी वेगवेगळं तपासल्यावर. मरण फक्त लांबवणारं यंत्र लावू नका किंवा काढा, एवढीच ती इच्छा. वेदना कमी करणारी सेवा मात्र थांबत नाही. तिला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ पासून हेच काम करतंय. पितामहांनी वैद्य परत पाठवले, पण उशी आणि पाणी घेतलंच ना?

आणि हेही लक्षात ठेवा. एखाद्याला शेवटपर्यंत सगळे उपचार हवे असतील. तीही इच्छाच आहे, तिचाही मान राखायचा. मुद्दा नकार देण्याचा नाही, विचारण्याचा आहे.

माझ्या मावसभावाची बायको, आमची वहिनी, दोन वर्षांपूर्वी कॅन्सरने गेली. तिने दादाला वेळेवर सगळं सांगितलं होतं. नळ्या नकोत. घरीच, खिडकीजवळ पलंग. आणि एक गोष्ट तिने पुन्हा पुन्हा सांगितली: "चिऊ शाळेतून साडेबाराला येते. तेव्हा मी जागी हवी." तेवढ्यासाठी घरी येणाऱ्या नर्सने डॉक्टरांना विचारून दुखण्याच्या औषधाच्या वेळा बदलून घेतल्या. शेवटचे तीन आठवडे चिऊला रोज दुपारी जागी आई मिळाली. हे कुठल्या यंत्राने दिलं असतं?

चिऊ तेव्हा आठ वर्षांची होती. आई गेल्यावर भेटायला येणाऱ्या कुणीतरी तिला जवळ घेऊन म्हटलं, "देवाला चांगली माणसं आवडतात ना, म्हणून त्याने नेलं." चार दिवसांनी ती मला हळूच म्हणाली, "आत्या, मी आता चांगलं नाही वागणार."

मला कळायला क्षणभर लागला. तिने हिशोब मांडला होता. चांगलं वागलं की देव नेतो.

मंडळी, आपण भक्त आहोत म्हणून हे नीट ऐका. 'देवाला आवडली' हे आपलं वाक्य मोठ्यांना धीर देतं. मुलाच्या कानात तेच वाक्य देवाला चोर करतं. 'आई झोपलीय' म्हटलं की मूल रात्री झोपायला घाबरतं. 'गावाला गेली' म्हटलं की ते दाराकडे बघत राहतं. मी चिऊला एवढंच सांगितलं: "आईच्या पोटात मोठा आजार होता. औषधं दिली, पण तो थांबला नाही. मग तिचं शरीर बंद पडलं, आता ते पुन्हा चालू होणार नाही. तू चांगली वागलीस म्हणून नाही, वाईट वागलीस म्हणूनही नाही." तिने विचारलं, "मग देव कुठे होता?" मी म्हटलं, "मला वाटतं, तुझे बाबा आईचं डोकं चेपत होते ना, त्या हातात."

इथे मला नचिकेत आठवतो. कठोपनिषदातला तो लहान मुलगा थेट मृत्यूच्या दारात जाऊन बसला. यमराज घरी नव्हते, तीन रात्री उपाशी थांबला. परतल्यावर यमराजांनी मुलाला ताटकळत ठेवलं म्हणून आधी नमस्कार केला आणि तीन वर दिले. नचिकेताचा पहिला वर कोणता? माझ्या वडिलांचं मन शांत होवो, माझ्यावरचा त्यांचा राग जावो. दुःखातल्या मुलाचंही असंच असतं. ते आधी उरलेल्या पालकाकडे बघतं. बाबा जेवले का? बाबा रागावलेत का? माझ्यामुळे झालं का?

आणि तिसरा वर मागताना त्याने मरणाबद्दल विचारलं, तेव्हा यमराजांनी काय केलं? हत्ती घे, घोडे घे, सोनं घे, हे मात्र विचारू नकोस. आपणही तेच करतो. मोबाईल घे, आइस्क्रीम घे, जा बाहेर खेळ. नचिकेत हलला नाही, आणि शेवटी यमराजांनी त्याला उत्तर दिलं. मुलाने प्रश्न विचारला तर त्याला उत्तराचा अधिकार आहे. छोटं, खरं आणि त्याच्या वयाचं उत्तर.

तेव्हा घरात असं मूल असेल तर थोडं सांभाळा. शेवटच्या दर्शनाला यायचं का हे त्यालाच विचारा, तिथे काय दिसेल ते आधी सांगा, आणि नको म्हणालं तर आग्रह नको. फूल वाहण्यासारखं छोटं काम द्या. शाळेत वर्गशिक्षकांना कळवा. आता रडत होतं आणि आता खेळतंय, म्हणून "याला काही कळत नाही" असं म्हणू नका. मुलांचं दुःख ऊन-पावसासारखं असतं, येतं, जातं, पुन्हा येतं. गेलेल्या माणसाचं नाव घरात घेत राहा. वहिनीच्या वहीत एक ओळ आहे, 'चिऊच्या दहीपोह्यांत साखर नको.' दादा अजून तसेच करतो, आणि करताना तिचं नाव घेतो. आणि खूप महिने मूल जेवत-झोपत नसेल, शाळेत जात नसेल किंवा मलाही आईकडे जायचंय म्हणत असेल, तर समुपदेशकाकडे न्यायला लाजू नका. तीही सेवाच आहे.

पितामह ५८ रात्री त्या शय्येवर होते. त्या काळात त्यांनी युद्धाने खचलेल्या धर्मराजाला राजधर्म सांगितला, धीर दिला. जाणारा माणूस शेवटपर्यंत देऊ शकतो. फक्त आपण त्याला बोलू दिलं पाहिजे.

आजचा संकल्प: या आठवड्यात आई-बाबांजवळ बसा आणि एकच प्रश्न विचारा. "तुम्हाला काही झालं, तर तुम्हाला काय हवं, काय नको?" पहिल्यांदा उडवून लावतील. हसून घ्या, पुन्हा विचारा. मग स्वतःचंही सांगा, कारण वय बघून काही येत नाही.

हे पांडुरंगा, आमच्या माणसांची उशी आम्हाला त्यांना विचारून देता येऊ दे. आणि आमच्या लेकरांना तुझी भीती न वाटो, तुझा आधार वाटो.

राम कृष्ण हरी.