कौलाचा कागद

दारव्हा तालुक्यातल्या एका गावाचे नाव बोरी अरब. बोरी नावाची गावे महाराष्ट्रात कितीतरी आहेत. पण ही बोरी ‘अरब’ आहे, आणि एसटीच्या पाटीवर हे दोन शब्द शेजारी शेजारी वाचताना माझे मन दर वेळी किंचित अडखळते. एक शब्द वऱ्हाडच्या काळ्या मातीतून काट्यांसकट उगवलेला, दुसरा समुद्रापलीकडच्या वाळूतून चालत आलेला. आणि दोघांच्या मध्ये एक साधी रेघसुद्धा नाही.

भाषेत मात्र हा शेजार फार जुना आहे. करार, शर्त, वकील, मसुदा, कलम, तारीख : दोन सत्ता समोरासमोर बसून जे काही कागदावर उतरवतात, त्याची बरीचशी शब्दसंपत्ती मराठीने फारसीच्या हातून अरबीकडूनच घेतली. त्यातला मला सर्वांत प्रिय शब्द ‘कौल’. मूळ अरबीत त्याचा अर्थ नुसते बोलणे, उच्चार. मराठीत येता येता तो राजाने रयतेला दिलेले अभयवचन झाला, आणि त्याही पुढे जाऊन देवाच्या अंगावर लावलेले फूल उजवीकडे पडते की डावीकडे, याची श्वास रोखून वाट पाहू लागला. बोलण्याचे वचन व्हावे आणि वचनाचे दैवत व्हावे, हा प्रवास ज्यांच्या जिभेवर घडला, त्या माणसांनी दिलेल्या शब्दाची धास्ती किती खोलवर बाळगली असेल!

ही धास्ती मला 1818 च्या मालेगावात दिसते. पेशवाई मावळली होती, पण मोसमच्या काठी नारोशंकरांनी बांधलेला भुईकोट अरब शिबंदीने धरून ठेवला होता. इंग्रजांचा वेढा मेच्या मध्यापासून चालला. जूनमध्ये तोफगोळा पडून किल्ल्यातले दारूचे कोठार उडाले, तट फाटला, आणि मग बोलणे सुरू झाले. लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेलने बिनशर्त शरणागती मागितली. अरबांनी ती मान्य केली, पण दगाफटका होईल या भयाने एवढेच म्हटले, की आम्हाला चांगले वागवाल हे लिहून द्या. ते लिहून देण्यात आले, मराठीत. घेणाऱ्याची भाषा अरबी, देणाऱ्याची इंग्रजी, आणि जीव ज्याच्यावर तोलायचा तो कागद दोघांच्याही मायबोलीत नाही, तर आपल्या! लिहिणाऱ्याच्या हातून त्यात सेनापतीच्या मनात होते त्याहून अधिक उतरले : किल्ल्यातल्यांच्या जास्तीत जास्त हिताचे असेल ते करू, त्यांच्या पगाराबद्दल पत्रे लिहू, आजारी बरे होईपर्यंत त्यांची काळजी घेऊ.

तो कागद त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मोडीतच असणार. मोडी शिकताना मला पहिल्यांदा जाणवली ती तिची वाहती, न थांबणारी ओळ. आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरे तिला टांगत जायचे. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची नाही. शब्द कुठे संपला हे लिहिणारा सांगत नाही, वाचणाऱ्याने ओळखायचे. मी एकदा एका जुन्या खतातली ओळ एक अक्षर अलीकडे तोडली आणि देणारा घेणारा होऊन बसला. तेव्हापासून वाटते, की तहाचा खरा लेखक तो वाचणाराच. आणि त्यातही ज्याच्या हाती आता तलवार उरली आहे, असा वाचणारा.

मालेगावच्या कागदाचा आखडता अर्थ लावणे सहज शक्य होते. शस्त्रे खाली ठेवलेला माणूस वाद घालत नाही. पण दख्खनचा कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने अर्थ रुंद लावला : चूक लेखणीची असली, तरी शब्द आपला आहे. मला या माणसाच्या राजकारणाचे प्रेम नाही. त्याच वर्षी त्याने आमचे राज्य आवरून घेतले. तरीही त्या एका वाचनापुढे मी मान झुकवतो.

कारण पुढच्या शतकातले दुसरे वाचन मला ठाऊक आहे. आपल्या ईशान्य सीमेवरच्या रेषेला ज्याचे नाव आहे, तो इंग्रज अधिकारी हेन्री मॅकमहोन पहिल्या महायुद्धाच्या ऐन धुमाळीत कैरोला होता. 24 ऑक्टोबर 1915 च्या पत्रात त्याने मक्केच्या शरीफ हुसेनला अरबांच्या स्वातंत्र्याचा शब्द दिला आणि दमास्कस, होम्स, हमा, अलेप्पो यांच्या पश्चिमेचा मुलूख त्यातून वगळला. अरबी तर्जुम्यात तिथे शब्द पडला ‘विलायत’. विलायत म्हणजे तुर्की राज्यातला प्रांत, की शहराभोवतीचा नुसता परिसर? होम्स आणि हमा नावाचे प्रांतच नव्हते. आणि या एका शब्दाच्या रुंदीवर पॅलेस्टाइन वचनात बसते की बाहेर राहते, याचा वाद पिढ्यानपिढ्या चालला. पत्राला सात महिने होतात न होतात तोच साइक्स आणि पिको यांच्या इंग्रज-फ्रेंच करारात त्याच भूमीची वाटणी झाली होती. विलायत! आमच्याकडे हा शब्द थेट इंग्लंडचे नाव होऊन बसला आणि कुंपणावरच्या गोड, गुलाबी चिंचेलाही चिकटला. वचन देणाऱ्याच्याच देशाचे नाव वचनातल्या संदिग्ध शब्दाला मिळावे, हे मराठीतही घडले.

मन पुन्हा वऱ्हाडाकडे वळते. मालेगावच्या आधी काही महिने, 1817 च्या डिसेंबरअखेरीस, नागपूरच्या भोसल्यांचे अरबही असेच तटाआड अडून होते. इंग्रजांचा एक हल्ला त्यांनी परतवला आणि मग अटी ठरवून शहर सोडले : बायकामुले, सामानसुमान आणि अंगावरची हत्यारे सोबत, आणि मलकापूरपर्यंत पोहोचवायला एक इंग्रज अधिकारी व थोडे पहारेकरी. जानेवारीतले ते दिवस मी पुष्कळदा डोळ्यांपुढे आणतो. दोन्ही बाजूंना तुरीची उभी पिके, पहाटेचे धुके, बैलगाडीत झोपलेली मुले. ज्यांच्यावर परवापर्यंत गोळ्या झाडल्या, त्यांच्याच मागून चालणारे जंबिये लावलेले पुरुष. वेशीवर उभ्या राहिलेल्या एखाद्या पाटलाने विचारलेही असेल, कोण, कुठले? आणि त्यांच्यातल्या एखाद्याने दख्खनी वळणाच्या मराठीत उत्तर दिले असेल, की कौल घेऊन निघालो आहोत.