राजीखुशीचा सौदा



दोन माणसांनी राजीखुशीने सौदा केला. कोणी कोणाला फसवले नाही, वजनात मारले नाही, ठरलेले पैसे वेळेवर दिले. हा सौदा न्याय्य झाला का? आपल्यापैकी बहुतेक जण पटकन 'हो' म्हणतील. पण थोडे थांबून विचार करू या.

पश्चिम आफ्रिकेत गिनी-बिसाऊ नावाचा लहानसा देश आहे. गोव्याप्रमाणे तोही एकेकाळी पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. ब्राझीलचा काजू पोर्तुगिजांनी जसा आपल्या किनाऱ्यावर आणला, तसाच आफ्रिकेतही नेला. आज काजूची कच्ची बी हीच त्या देशाची मुख्य निर्यात आहे. ती बहुतांशी भारत आणि व्हिएतनामला जाते. बी भाजणे, फोडणे, सोलणे, गराची प्रतवारी करणे ही सारी कामे इकडे होतात आणि काजूगराची खरी किंमतही इकडेच उभी राहते. तिकडचा शेतकरी पावसाळ्याच्या तोंडावर, घरातले धान्य संपत आले असता बी विकतो. कित्येकदा तो पैशांऐवजी तांदूळच घेतो.

तो राजीखुशीनेच विकतो, हे खरे. पण ही राजीखुशी कोणत्या प्रकारची? तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने वादळात सापडलेल्या जहाजाचे उदाहरण दिले आहे. जीव वाचवण्यासाठी खलाशी माल स्वतःच्या हाताने समुद्रात टाकतात. पण वादळ नसते तर तो कोणी टाकला असता? भूक हेही एक वादळच आहे.

ख्रिस्तसभेने हा विचार पुढे नेला. गरजेपोटी कामगाराने अपुरी मजुरी मान्य केली, तरी तेवढ्याने ती न्याय्य ठरत नाही, असे पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली सांगितले. पोप सहावे पॉल डिसेंबर १९६४ मध्ये युखरिस्तिक काँग्रेससाठी मुंबईला आले होते. पुढे १९६७ च्या 'पॉप्युलोरुम प्रोग्रेसिओ' या परिपत्रकात त्यांनी हाच नियम देशादेशांतील व्यापाराला लावला. दोन्ही बाजूंच्या बळात फार तफावत असेल, तर नुसती संमती पुरेशी नाही.

ही शिकवण वाचताना आपण भारतीय स्वतःला नेहमी दुर्बळांच्या बाजूला पाहत आलो. त्यात खोटे काही नव्हते. आपला कापूस लँकेशायरला जाई आणि कापड होऊन परत येई. दादाभाई नौरोजींनी या देशातून वाहून जाणाऱ्या संपत्तीचा हिशेब मांडला. २००३ साली कानकून येथील जागतिक व्यापार परिषदेत भारत, ब्राझील, चीन व दक्षिण आफ्रिका हे देश श्रीमंत राष्ट्रांच्या शेती अनुदानांविरुद्ध एकत्र उभे राहिले. तिथेच बेनिन, बुर्किना फासो, माली आणि चाड या चार गरीब देशांनी आपल्या कापूस शेतकऱ्यांची कैफियत मांडली.

त्यानंतर काळ बदलला. २००९ साली चीन मालाच्या निर्यातीत जगात पहिला आला. सप्टेंबर २०२३ मध्ये भारताच्या अध्यक्षतेखाली आफ्रिकी संघाला जी-२० गटाचे सदस्यत्व मिळाले. आता आफ्रिकेसमोर आपण गिऱ्हाईक म्हणून बसतो, आणि बलवान बाजू आपली असते. त्याच बेनिनने एप्रिल २०२४ पासून कच्च्या काजू बीच्या निर्यातीवर बंदी घातली. बी आमच्याच देशात फुटावी, रोजगार आमच्या लोकांना मिळावा, एवढेच त्यांचे म्हणणे. दादाभाईंना ते लगेच समजले असते.

कोणी विचारील, "मग आपल्या काजू कारखान्यांत काम करणाऱ्या बायाबापड्यांनी काय करायचे?" हा प्रश्न खरा आहे. त्यांची चूल विझवून न्याय होणार नाही. पण एका गरिबाची चूल पेटती राहावी म्हणून दुसऱ्या गरिबाने कायम कच्चा मालच विकत राहावा, असे म्हणणे हाही न्याय नाही. आपल्या कारखान्यांना आपल्या बागांत अधिक बी पिकवून देणे आणि आफ्रिकेच्या शेतकऱ्याला योग्य भाव देणे, हा मार्ग कठीण आहे. पण तो सरकार, व्यापारी आणि आपण ग्राहक यांना मिळून शोधावा लागेल. दुबळे असताना जे आपण मागितले, ते बळ आल्यावर देणे, हीच न्यायाची परीक्षा.

आमोस संदेष्ट्याने खोट्या तराजूचा धिक्कार केला. आपला तराजू खरा असेल. पण समोरचा माणूस उपाशी आहे की नाही, हे तराजू सांगत नाही. सकाळी नाक्यावर उभ्या असलेल्या मजुराशी रोजंदारी ठरवताना तो लगेच 'हो' म्हणाला, तर या आठवड्यात आपण स्वतःला एवढे विचारू या : तो का 'हो' म्हणाला?