दलाल कुणाचा?

घर विकायला दलाल कसा असावा, असं कुणालाही विचारा. ‘प्रामाणिक असावा,’ हेच उत्तर येईल. त्यातला ‘आमच्याशी’ हा शब्द तेवढा मनातल्या मनात म्हणायचा असतो. गिऱ्हाइकाशी त्यानं किती प्रामाणिक राहावं, हा त्याचा खाजगी प्रश्न. आपण त्या वेळी चहाचं बघायला आत गेलेले असतो.

आमचं पुण्यातलं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि पश्चिमेची भिंत जूनपासून गणपतीपर्यंत ओल धरते. पाहायला तीन दलाल आले. (त्यांना दलाल म्हटलेलं आवडत नाही. कार्डावर ‘कन्सल्टंट’ असतं. घेतात ती मात्र दलालीच.)

पहिल्यानं शेजारच्या फ्लॅटपेक्षा पाच लाख जास्त भाव सांगितला. घर हातात पडावं म्हणून आधी चढा भाव सांगायचा आणि दोन महिन्यांनी ‘मार्केट थंड आहे हो’ म्हणत उतरवायचा, ही धंद्यातली जुनी चाल. पण ऐकताना छाती फुगते हे खरं. भिंतीकडे बघून तो म्हणाला, “रंग मारून घ्या. मार्चात दाखवू. मार्चात पुण्यातली एकही भिंत ओली नसते.”

दुसऱ्यानं एवढंच विचारलं, “घाई आहे का?” प्रश्न दिसतो तितका साधा नाही. मी पाच लाखांनी उतरलो तर एक टक्क्याच्या हिशेबानं त्याचे पाचच हजार बुडतात; सौदा मात्र लवकर होतो. शिवाय बहुधा तो दोन्हीकडून घेतो. वादी-प्रतिवादी दोघांकडून फी घेणाऱ्या वकिलाला आपण काय म्हणू? इथे त्यालाच ‘आपला माणूस’ म्हणतो.

तिसऱ्यानं आधी शेअर सर्टिफिकेट आणि इंडेक्स टू मागितलं. मग भिंतीवरून तळवा फिरवला. “ओल येते. मी गिऱ्हाइकाला सांगणार. दुरुस्त करून घ्या, नाहीतर दोन लाख कमी धरा.”

“किती सरळ माणूस!” सौ. म्हणाली.

“सरळ आहे, पण आपल्या पैशानं.”

खरं म्हणजे आपल्याला स्वतः खोटं बोलायचं नसतंच. बोलणाऱ्याला टक्का देऊन मोकळं व्हायचं असतं. पण १८७२ च्या करार कायद्यातलं २३८ वं कलम म्हणतं, दलालानं आपलं काम करताना दिलेली खोटी माहिती मालकानंच दिली असं धरावं. आणि १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातलं ५५ वं कलम सांगतं, साध्या पाहणीत न कळणारा महत्त्वाचा दोष विकणाऱ्यानं सांगितला पाहिजे. इंग्रजांना आमच्या भिंतीची खबर कशी लागली कोण जाणे! टक्का जातो आणि खोटंही आपल्याच नावावर राहतं.

कायदा बाजूला ठेवा. भिंतीच्या आत झोपायची खोली आहे. वीस वर्षांचं कर्ज काढून येणारं जोडपं पाळणा तिथेच बांधणार. आमच्याही मुलांचा तिथेच होता. पावसाळ्यात तो हॉलमध्ये हलवायचा, हे आम्हाला माहीत होतं. त्यांना कोण सांगणार?

चावी तिसऱ्याला दिली. सौ.नं त्याची दलाली पाऊण टक्क्यावर आणली. खरं बोलणाऱ्याशी घासाघीस करू नये, असं कुठलंही कलम नाही.

पहिलं जोडपं रविवारी येऊन गेलं. दलालानं सगळं सांगितलं, ओलीची जागासुद्धा बोटानं दाखवली. जिना उतरताना नवरा बायकोला हळूच म्हणाला, “एवढं सांगतोय म्हणजे अजून काहीतरी मोठं लपवत असणार!”